लघवीत साखर आली, म्हणजे गोळी चुकली का?

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे. बारा वर्षांपासून शुगर आहे. द्राक्षबाग आमची, बेदाणाही घरचाच, त्यामुळे पथ्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी जुन्या गोळ्यांच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिनची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. उपाशीपोटीची साखर १७२ होती, ती १२६ वर आली. मग गावात तपासणी शिबिर झालं. तिथे लघवीत साखर निघाली ‘चार प्लस’. तपासणाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं, “काका, शुगर हाताबाहेर गेलीय, किडनी गळायला लागलीय.” वडिलांनी त्या दिवसापासून नवी गोळी बंद केली. आई म्हणते, मोरीत मुंग्या लागतात हे तिने आधीच पाहिलं होतं, पण बोलली नाही. रक्तात साखर कमी आणि लघवीत इतकी, हे एकाच माणसात कसं होतं? किडनी खरंच गळते का?
— एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : आधी कामाचं सांगते, कारण गोळी बंद आहे आणि दिवस जातायत. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांच्याकडे वडिलांना याच आठवड्यात घेऊन जा, शिबिराचा कागद दाखवा आणि गोळी परत कधी सुरू करायची ते विचारा. कागदावरचे ते चार प्लस म्हणजे गोळी पोटात जाऊन काम करत होती, याची पावती आहे. ही गोळी चालू असताना लघवीत साखर दिसलीच नसती, तर उलट मला प्रश्न पडला असता.

आता असं का, ते सांगते. उत्तर जरा लांबेल. मी मिरजेला एकतीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. मूत्रपिंडाचा हा भाग मला सगळ्यांत आवडायचा, आणि तो घाईत सांगितला की मुलं नुसती नावं पाठ करतात.

प्लसची ही भाषा कुठून आली, तिथून सुरू करू. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून आम्ही बेनेडिक्टची चाचणी करून घ्यायचो. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. नळी तिरकी धरायची, तोंड शेजाऱ्याकडे नको. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवट होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि भरपूर असेल तर विटेच्या रंगाचा लाल गाळ तळाशी बसतो. हिरवं म्हणजे एक प्लस, वीटकरी लाल म्हणजे चार. आता पट्टी बुडवतात, पण भाषा तीच राहिली.

लाल नळीभोवती मुलं गर्दी करायची. निळ्या नळीकडे कुणी बघायचं नाही, त्यात काही ‘निघालं’ नाही म्हणून. मी मात्र निळीच उचलायचे आणि विचारायचे, “हिच्यात साखर का नाही ते सांगा.” कारण साखर नसणं ही साधी गोष्ट नाही. तुमच्या-माझ्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं. गाळणी असते केशवाहिन्यांच्या बारीक गुच्छांची. तिथे रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात, पाणी, मीठ आणि साखर खाली उतरतात. उपाशीपोटी रक्तात दर लिटरला ०.९ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं. गुणाकार करा. १८० लिटरमागे सुमारे १६० ग्रॅम साखर. चहाचे बत्तीस चमचे. इतकी साखर रोज रक्ताबाहेर पडते, लघवीच्या वाटेला लागते, आणि निरोगी माणसात त्यातली जवळजवळ सगळी परत रक्तात येते. म्हणून नळी निळी राहते.

हे नुसतं तर्काने ठरवलेलं नाही, कुणीतरी ते पाहिलं आहे. १९२४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जोसेफ वेर्न आणि आल्फ्रेड रिचर्ड्स या दोघांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका गाळणीत सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखी बारीक नळी घुसवली आणि गाळून आलेल्या पाण्याचे सूक्ष्म थेंब ओढून घेतले. त्या पाण्यात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत ती नव्हती. म्हणजे मधल्या वाटेत कुणीतरी ती काढून घेतली होती. हा प्रयोग शिकवताना मला दरवेळी नवल वाटायचं, त्या हातांच्या स्थिरपणाचं.

साखर काढून घेणाऱ्या पेशी मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागात असतात. नलिकेच्या पोकळीकडची त्यांची बाजू ब्रशच्या केसांसारखी असते, दाट आणि बारीक. दुसरी बाजू रक्ताकडे. साखर या पेशीत शिरते पुढच्या दाराने आणि रक्तात जाते मागच्या दाराने. अडचण पुढच्या दारात आहे. नलिकेतली साखर जसजशी संपत येते, तसतशी बाहेर कमी आणि पेशीत जास्त अशी स्थिती होते. साखर आपणहून जास्तीकडून कमीकडे जाते, उलटी नाही जात. चढ कुणीतरी चढवून द्यावा लागतो, आणि साखरेसाठी वेगळा पंप पेशीकडे नाही.

पेशीकडे पंप आहे तो सोडियमचा, म्हणजे आपल्या मिठातल्या सोडियमचा. रक्ताकडच्या बाजूला हे पंप दाटीने बसलेले असतात. एटीपी नावाच्या इंधनाचा एक रेणू खर्चून पंप तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कमध्ये येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली हा पंप शोधून काढला, तोही खेकड्याच्या पायांतल्या मज्जातंतूंमध्ये. त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. पंप अहोरात्र चालू असल्याने पेशीच्या आत सोडियम फार थोडं राहतं. बाहेर लिटरला १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप), तर आत दहा-पंधरा. शिवाय आतली बाजू विजेच्या दृष्टीने ऋण असते, साधारण ७० मिलिव्होल्टने, आणि सोडियमवर धन भार. त्यामुळे सोडियमला आत शिरण्याची दुहेरी ओढ लागलेली असते.

तुम्ही कवठेमहांकाळचे, म्हणून म्हैसाळचं उदाहरण देते. कृष्णेचं पाणी म्हैसाळला उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात. विजेचं सगळं बिल त्या चढवण्याचं. एकदा वर आलं की पुढे ते कालव्याने उताराला लागतं, तिथे मोटर लागत नाही. आता समजा, त्या उतरत्या पाण्यावर कुणी चाक बसवलं आणि चाकाच्या दोरीने बेदाण्याचं पोतं माळ्यावर ओढून घेतलं. पोत्यासाठी वेगळी वीज लागली नाही. पण म्हैसाळचे पंप बंद पडले, की थोड्या वेळाने चाकही थांबणार आणि पोतं खालीच राहणार. पेशीत नेमकं हेच घडतं. पंप सोडियमला बाहेर चढवतो, सोडियम उताराने परत आत येतं, आणि येताना साखरेला बरोबर ओढून आणतं.

हे चाक म्हणजे पेशीच्या पटलात बसवलेलं एक प्रथिन. त्याची रचना अशी, की सोडियम येऊन बसलं तरच साखरेची जागा नीट तयार होते. दोघं बसले की बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं, दोघं आत उतरतात आणि रिकामं प्रथिन पुन्हा बाहेरच्या बाजूला तोंड करून उभं राहतं. सोडियम आणि साखर जोडीने जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. ते आतड्यावर काम करत होते, पण रीत तीच. सोडियमला ‘एस’, ग्लुकोजला ‘जी’, आणि वाहकाला ‘एलटी’ धरून या प्रथिनांना एसजीएलटी म्हणतात.

मूत्रनलिकेत त्यांचे दोन प्रकार आहेत, आणि हा भाग मला फार सुंदर वाटतो. नलिकेच्या तोंडाशी साखर मुबलक असते. तिथे काम करतो एसजीएलटी-२. तो एका सोडियममागे एक साखर आत आणतो. स्वस्तातलं काम, आणि नव्वद टक्के साखर तोच उचलतो. पुढे याच सुरुवातीच्या भागाच्या शेवटाकडे साखर विरळ होत जाते. उरलेली वेचायला तिथे एसजीएलटी-१ असतो. तो एका साखरेसाठी दोन सोडियम खर्च करतो. आपल्याकडे भुईमूग काढून झाल्यावर रानात सरवा वेचतात ना? काढणीच्या वेळी हाताला बुचकाच लागतो, सरव्याला एकेका शेंगेसाठी वाकावं लागतं. तसंच हे. एका सोडियमच्या ओढीने पेशीत बाहेरच्या शंभरपटीहून जास्त साखर साठवण्याइतकं बळ मिळतं. दोन सोडियमची ओढ एकमेकींत गुणली जाते आणि ते बळ दहा हजार पटींच्या घरात जातं. म्हणून शेवटची कणभर साखरसुद्धा सुटत नाही.

मागचं दार सोपं. तिथे जीएलयूटी नावाचे वाहक असतात, साखर त्यांतून नुसत्या उताराने रक्तात जाते.

या सगळ्याचा खर्च मोठा आहे. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्धा टक्का, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सात ते दहा टक्के वाटा त्यांचा, आणि त्यातला बहुतेक सोडियमच्या पंपांना लागतो.

आता तुमच्या वडिलांची गोळी. ती एसजीएलटी-२ च्या बाहेरच्या तोंडात जाऊन बसते आणि साखरेची जागा अडवते. सोडियमचा उतार शाबूत, पंप शाबूत, गाळणी शाबूत. फक्त एक प्रकारचं चाक अडवलेलं. मग साखर नलिकेत राहते आणि लघवीतून जाते. मधुमेहाच्या माणसात, मूत्रपिंड बरं असेल तर, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. नव्वद टक्के उचलणारा अडवला तरी सगळी साखर का जात नाही, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारायचे. कारण पुढचा एसजीएलटी-१ जागा होतो. एरवी त्याच्या वाट्याला थोडं काम असतं, अंगात ताकद जास्त असते. समोर साखर आली की तो जादा भार उचलतो.

म्हणजे साखर रक्तातून कमी होतेय ती लघवीवाटे बाहेर पडून. रक्तातली १२६ आणि लघवीतले चार प्लस एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. पहिली गोष्ट दुसरीमुळे झाली आहे. गोळी नसताना लघवीत साखर दिसली, तर तिचा अर्थ वेगळा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की वाहक पुरे पडत नाहीत आणि ती सांडते. शिबिरातल्या माणसाने हा जुना अर्थ लावला. वडील कोणती गोळी घेतात, एवढं त्याने विचारायला हवं होतं. चारचौघांत ‘किडनी गळतेय’ असं म्हणणं तर मला अजिबात पटलेलं नाही. त्या एका वाक्यापायी एका माणसाचं चांगलं चाललेलं औषध बंद पडलं.

गळणं म्हणजे गाळणीतून प्रथिन जाणं. ते वेगळ्या तपासणीत दिसतं, लघवीतल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या. ती वडिलांची वर्षातून एकदा झालीच पाहिजे. साखर जाण्याने मूत्रपिंडाला इजा होत नाही. काही माणसांच्या एसजीएलटी-२ च्या जनुकातच जन्मापासून दोष असतो. त्यांच्या लघवीत आयुष्यभर साखर जाते, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही.

उलट ही गोळी मूत्रपिंड सांभाळते, आणि त्याचं कारणही सोडियमच. मधुमेहात गाळलेली साखर जास्त, म्हणून वाहकांचं काम जास्त, आणि दर साखरेमागे सोडियमही जास्त आत ओढलं जातं. नलिकेत पुढे मीठ मोजणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोचतं. त्यांना वाटतं, गाळणीत पाणी कमी येतंय. त्या रक्ताची येणारी वाट सैल करतात आणि गाळणीवरचा दाब वाढतो. वर्षानुवर्षं हा दाब सोसून गाळणी झिजते. गोळीने साखर अडली की तिच्याबरोबरचं सोडियमही नलिकेत राहतं, मोजणाऱ्या पेशींपर्यंत पुरेसं पोचतं, येणारी वाट आवळली जाते, दाब उतरतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ, किंचित वाढलेलं दिसू शकतं. दाब उतरल्याची ती खूण असते, पण किती वाढ चालेल हे डॉक्टरांनीच ठरवायचं. २०२० साली मूत्रपिंडाच्या चार हजारांहून जास्त रुग्णांवरचा डापाग्लिफ्लोझिनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत मधुमेह नसलेलेही होते, आणि फायदा दोघांनाही झाला. आता हृदय कमजोर असलेल्यांनाही ही गोळी देतात, शुगर नसली तरी.

या औषधाचं मूळ सफरचंदाच्या झाडात आहे. १८३५ साली त्याच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला गेला. १८८६ च्या सुमारास फॉन मेरिंग यांनी दाखवलं, की तो दिला की रक्तातली साखर न वाढता लघवीत साखर येते. तुमच्या वडिलांसारखंच. फ्लोरिझिन दोन्ही वाहक अडवायचं, आतड्यातलाही, त्यामुळे जुलाब व्हायचे, आणि आतड्यात ते टिकायचंही नाही. फक्त एसजीएलटी-२ अडवणाऱ्या, पोटातून घेता येणाऱ्या गोळ्या बाजारात यायला २०१२-१३ साल उजाडलं.

आता जपायचं काय, ते आईलाही वाचून दाखवा. साखर जिथून जाते तिथे बुरशी धरते, म्हणून लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायचं. खाज, लाली, पांढरा थर दिसला तर लाजायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. लघवी जास्त होते, तेव्हा पाणी पुरेसं प्यायचं, विशेषतः उन्हात बागेत काम असेल तर. मोरीत पाण्याचा तांब्या ओतला की मुंग्या येत नाहीत. त्या आल्या म्हणून घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद, किंवा कडक उपास असेल, तर ही गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. बहुतेक वेळा ते थांबवायला सांगतात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस डापाग्लिफ्लोझिन थांबवतात. माझ्या थोरल्या भावाच्या हर्नियाच्या वेळी हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या, पोटात कळ, आणि धाप. साखर मोजली तर १८८. सगळे म्हणाले, साखर ठीक आहे, भुलेचा त्रास असेल. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी मागितली, ती वाचली आणि रक्तातले कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ, तपासायला पाठवले. ते भयंकर वाढलेले होते. उपासात शरीर चरबी जाळतं, ही गोळी त्याला आणखी तिकडे ढकलते, आणि साखर लघवीतून जात असल्याने रक्तातला आकडा फसवतो. भाऊ वाचला तो त्या बाईंनी चिठ्ठी मागितली म्हणून. तेव्हा वडिलांच्या खिशात औषधांची चिठ्ठी कायम ठेवा. शिबिरात, दवाखान्यात, कुठेही लघवी तपासायला दिली की आधी ती पुढे करा.

आणि बेदाण्याचं तुम्ही सांगितलंत म्हणून. रोज ७० ग्रॅम साखर बाहेर जाते, तेव्हा तेवढा बेदाणा चालेल असा हिशोब वडील करतील. तो करू देऊ नका. मूठभर बेदाण्याची साखर अर्ध्या-पाऊण तासात रक्तात येते. गोळी ती दिवसभरात थोडी थोडी काढते.

प्रश्न : साखर सोडियमबरोबर आत येते, असं वाचलं. मग मीठ बंद केलं तर साखर आपोआप लघवीतून जाईल का? गोळीची गरज राहणार नाही.
— निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : नाही. तुम्ही मीठ कितीही कमी केलं तरी शरीर रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलमध्ये धरून ठेवतं. पेशीबाहेरचं १४० आणि आतलं बारा हा उतार तसाच राहतो, आणि साखर तशीच आत ओढली जाते. रक्तदाबासाठी मीठ कमी करा, ते चांगलंच आहे. साखरेसाठी त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, हे समजतं. मग जलसंजीवनीत साखर कशाला? ताकदीसाठी, असं आम्हाला सांगतात. वॉर्डात आया विचारतात, बाळाला नुसतं मिठाचं पाणी दिलं तर चालेल का.
— विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : ताकदीसाठी नव्हे बाळ, साखर तिथे सोडियमला आत नेण्यासाठी असते. वरचं उत्तर वाचलंस तर आतड्याचं अर्धं कळलंच. मूत्रनलिकेत सरवा वेचणारा जो एसजीएलटी-१, तोच लहान आतड्यात मुख्य कामाला असतो. मूत्रपिंडात आपल्याला साखर परत हवी होती, सोडियमने ती ओढून आणली. जुलाबात आपल्याला सोडियम आणि त्याच्यामागून येणारं पाणी हवं आहे. चाक तेच, दोघं बसले तरच फिरतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात जोडीदार नाही, म्हणून सोडियम फारसं आत जात नाही.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, बादल्या भरतात. पण ते एसजीएलटी-१ ला धक्का लावत नाही. एका दारातून पूर वाहत असताना दुसरं दार नीट चालू असतं. त्या दाराने सोडियम आणि साखर आत गेली की पाणी त्यांच्यामागे जातं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या कोलकात्यात भरून घेतल्या आणि पिंपांत पाणी कालवलं. पाजायला नातेवाईकच होते. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुझ्या वर्गात त्यांचं नाव कुणी घेत नसेल तर तू घे.

आताच्या पुडीत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सिट्रेट असतं. त्यात सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ होतं. ही बरोबरी मुद्दाम ठेवलेली आहे. म्हणून गोड लागावं म्हणून कुणी वरून साखर घातली, किंवा फळांच्या रसाचं गोड पाकीट आणून पाजलं, तर उलटं होतं. वाहकांना न पेलणारी साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी आपल्याकडे ओढते. जुलाब वाढतात.

आयांना हे सांग. पुडी एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची ते आधी वाचायचं, आणि तेवढंच पाणी मोजून घ्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून सुरी फिरवून. मीठ शिगोशीग पडलं तर बाळाला धोका आहे, म्हणून तू स्वतः एकदा त्यांच्यासमोर चमचा भरून सुरी फिरवून दाखव. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. बाळाने उलटी केली तर दहा मिनिटं थांबायचं, आणि मग परत चमच्या-चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले किंवा पाणीच घेईना, तर घरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा आणि वाटेतही चमचा चालू ठेवायचा.